तिकिटावर सीट नंबर नाही? स्वस्त विमानात बरी जागा मिळवायची रीत

इंडिगो, आकासा, स्पाइसजेट किंवा एअर इंडिया एक्सप्रेसचं सर्वांत स्वस्त तिकीट काढलं की त्यावर तारीख असते, वेळ असते, पीएनआर असतो, पण सीट नंबर नसतो. रेल्वेच्या आरक्षणाची सवय असलेला माणूस इथे गडबडतो. "कन्फर्म आहे ना रे?" असा आई-वडिलांचा फोन येतो. तिकीट कन्फर्मच असतं. कोणत्या सीटवर बसायचं एवढंच ठरायचं राहिलेलं असतं. ते कधी आणि कसं ठरतं हे माहीत असेल तर बहुतेक वेळा जास्तीचा एक रुपया न देता बरी जागा मिळते. जिथे पैसे द्यायलाच हवेत, तिथे ते योग्य सीटसाठी दिले जातात.

जो आधी चढेल तो हवी ती जागा धरेल, ही खरीखुरी मोकळी बैठक आता मोठ्या विमान कंपन्यांमध्ये जवळपास संपली आहे. आपल्याकडे २००३ साली सुरू झालेल्या एअर डेक्कनमध्ये ती होती. युरोपात इझीजेटने २०१२ च्या नोव्हेंबरात आणि रायनएअरने २०१४ च्या फेब्रुवारीत ती बंद केली. अमेरिकेतल्या साउथवेस्टने ती पन्नासहून अधिक वर्षं चालवली आणि २७ जानेवारी २०२६ पासून तिथेही नेमून दिलेल्या सीट आल्या. त्यामुळे अमेरिकेतल्या भाच्याने सांगितलेला "बरोबर चोवीस तास आधी चेक-इन कर, म्हणजे ए गटात (आधी चढणाऱ्यांत) नंबर लागतो" हा सल्ला आता तिथेही चालत नाही. भारतातली पद्धत अशी: हवी ती सीट निवडायची तर पैसे, न निवडल्यास कंपनीची यंत्रणा उरलेल्यातली एक सीट फुकट देते. हा लेख त्या फुकटच्या सीटबद्दल आहे.

पहिलं काम: कोणाला काय हवं ते ठरवा

मोबाइल हातात घेण्याआधी हा विचार करा, कारण सगळ्यांना खिडकी लागत नाही. पहिल्यांदा उडणाऱ्याला खिडकी हवी, हे खरं. पण गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या मावशींना खिडकीत बसवलं तर दोन तास पाय हलवता येत नाही आणि उठायचं तर दोघांना उठवावं लागतं. त्यांना वाटेलगतची, म्हणजे सगळे जिला आइल सीट म्हणतात ती, हवी. त्यातही कोणता पाय दुखतो ते विचारा. एअरबस ३२० आणि बोइंग ७३७ या दोन्ही विमानांत वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सीट असतात. डावीकडे ए, बी, सी आणि उजवीकडे डी, ई, एफ. सी सीटवर बसल्यास वाट उजव्या हाताला येते, म्हणून उजवा पाय थोडा लांब करता येतो. डावा पाय दुखत असेल तर डी. काउंटरवर नुसतं "आइल द्या" म्हणण्याऐवजी "डी द्याल का, डावा पाय आखडतो" म्हटलं की देणाऱ्यालाही नेमकं कळतं.

मधुमेह असलेल्यांना किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या काकांना वारंवार उठावं लागतं. त्यांच्यासाठी मी मागच्या भागातली आइल सीट सुचवते. ही सीट वाईट समजली जाते, म्हणून ती स्वस्त किंवा फुकट मिळण्याची शक्यता जास्त. या विमानांत मागे सहसा दोन टॉयलेट असतात आणि पुढे एकच. खाण्याची ट्रॉली मध्ये अडकली की पुढच्या टॉयलेटकडे जाणं अवघड होतं. अगदी शेवटची रांग मात्र टाळा. तिथे टॉयलेटची रांग डोक्याशी उभी राहते आणि सीटची पाठही बहुधा मागे झुकत नाही.

विमानाने ज्यांना मळमळतं त्यांनी पंखाजवळच्या रांगा धराव्यात. विमानाचा तोल तिथे असतो, त्यामुळे हेलकावे तिथे कमी आणि शेपटाकडे जास्त जाणवतात. पंखावरच्या खिडकीतून खालचं फारसं दिसत नाही, म्हणून बघण्याची हौस असणाऱ्यांनी पंखाच्या बऱ्याच पुढे किंवा बऱ्याच मागे बसावं.

दोन तासांत पुढचं विमान धरायचं असेल तर पुढच्या रांगांना अर्थ आहे. एरवी "पुढे बसलो की लवकर उतरतो" हे प्रत्येक वेळी खरं नसतं. विमान एरोब्रिजला, म्हणजे विमानतळाच्या इमारतीतून थेट विमानाच्या दाराशी येणाऱ्या बोगद्याला, लागलं तर फक्त पुढचं दार उघडतं आणि पुढचे आधी सुटतात. पण आपल्या स्वस्त विमानांपैकी पुष्कळशी लांब उभी राहतात आणि बस न्यायला येते. तेव्हा मागचं दारही उघडतं. इंडिगोने तर २०२२ पासून काही ठिकाणी पुढची दोन आणि मागचं एक अशा तीन दारांनी लोक उतरवायला सुरुवात केली. अशा वेळी मागच्या पाच-सहा रांगांतले लोक मधल्यांच्या आधी बसमध्ये असतात.

दुसरं: विमान कोणतं ते बघा

तिकिटावर किंवा कंपनीच्या ॲपवर विमानाचा प्रकार लिहिलेला असतो. नवीन माणूस याकडे बघतच नाही आणि इथेच बरीच माहिती हुकते.

इंडिगोकडे मुख्यतः एअरबस आहेत. आकासाकडे बोइंग ७३७ आहेत. एअर इंडिया एक्सप्रेसकडे दोन्ही आहेत. बोइंग ७३७ मध्ये एक गोष्ट सांभाळा. पंखाच्या थोडं पुढे, विशेषतः डाव्या बाजूला, एका ठिकाणी खिडकीच नसते, कारण वातानुकूलनाची नळी तिथे भिंतीतून वर जाते. साधारण नवव्या ते अकराव्या रांगेच्या आसपास हा प्रकार असतो. नकाशावर ती ए सीट 'विंडो' म्हणूनच दिसते, पैसेही खिडकीचेच लागतात, आणि बसल्यावर शेजारी पांढरी भिंत. पहिल्या प्रवासाच्या उत्साहात आलेल्या मुलाला हे सोसत नाही. सीटच्या नकाशांच्या स्वतंत्र वेबसाइट आहेत, तिथे आपल्या कंपनीचं नेमकं विमान टाकून बघता येतं.

आपत्कालीन दाराच्या रांगेत पाय पसरायला भरपूर जागा असते. इतर रांगांत एका सीटपासून पुढच्या सीटपर्यंतचं अंतर साधारण २८ ते ३० इंच, त्यामुळे उंच माणसाला हा फरक चांगलाच जाणवतो. पण इथे बसणाऱ्याने अडचणीच्या वेळी दार उघडायचं असतं. म्हणून लहान मुलं, गरोदर बायका, मदतीशिवाय चालू न शकणारे आणि तान्हं बाळ सोबत असलेले यांना इथे बसवत नाहीत. पैसे भरून घेतलेली असली तरी क्रू उठवतो. अशा दोन रांगा लागोपाठ असतील तर त्यातल्या पुढच्या रांगेची पाठ मागे झुकत नाही, तेव्हा मागची घ्या. सगळ्यांत पहिल्या रांगेत समोर सीट नसल्यामुळे बॅग पायाशी ठेवता येत नाही आणि ट्रे हातांच्या आधारात दडवलेला असल्यामुळे सीट किंचित अरुंद वाटते.

कोल्हापूर, जळगाव, सोलापूर, सिंधुदुर्ग अशा छोट्या विमानतळांवर वेगळी विमानं येतात. इंडिगो काही मार्गांवर एटीआर चालवते, गोव्याची फ्लाय९१ तर एटीआरच चालवते. पंख्यांची ही विमानं छान आहेत. दोन्ही बाजूंना दोन-दोन सीट, म्हणजे मधली सीट ही भानगडच नाही. पंख छताच्या पातळीवर असल्याने बहुतेक सगळ्या खिडक्यांतून खालची शेतं, नद्या, घाट दिसतात. पंख्याच्या पात्यांच्या बरोबरीच्या रांगांत मात्र घरघर फार, म्हणून मागे बसा. चढायचं दारही मागेच असतं, म्हणजे इथे मागे बसणारा आधी उतरतो. स्टार एअरच्या एम्ब्राएर १४५ विमानात डावीकडे एकच सीट आणि उजवीकडे दोन असतात. ती डावीकडची एकेरी सीट एकट्या माणसासाठी सगळ्यांत सुखाची, खिडकीही तीच आणि वाटही तीच.

उन्हाचाही विचार करा. पुण्याहून किंवा मुंबईहून सकाळी दिल्लीला निघालात तर सूर्य उजवीकडे असतो आणि संध्याकाळी परत येतानाही तो उजवीकडेच. दोन्ही वेळी सावली ए बाजूला. दिल्लीहून बागडोगरा किंवा गुवाहाटीला जात असाल तर मात्र ऊन-सावलीचा हिशेब सोडून ए धरा. हवा स्वच्छ असेल तर हिमालयाची रांग डावीकडे बराच वेळ सोबत करते. परतताना एफ.

तिकीट काढताना

घरातल्या सगळ्यांचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा. ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि लोक इथेच चुकतात. दोन तिकिटं मुलाने काढली, दोन जावयाने काढली, की यंत्रणेच्या दृष्टीने ती दोन अनोळखी जोड्या. एका पीएनआरवर असलेल्यांना यंत्रणा शक्यतो जवळ बसवते, तशी हमी मात्र नसते.

लहान मुलांबाबत तर एक पीएनआर हाच आधार आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, २०२४ च्या एप्रिलमध्ये सांगितलं की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी सीट द्यावी आणि तशी नोंद ठेवावी. त्यामुळे "मूल वेगळं बसेल" या भीतीने चारही सीटचे पैसे भरायची गरज नाही. मुलाचं वय आणि जन्मतारीख तिकिटावर बरोबर आहे ना, एवढं बघा. तरीही वेगळी सीट आली तर काउंटरवर हा नियम शांतपणे सांगा. नियम सांगितल्यावर काम होतं, आवाज चढवावा लागत नाही.

तिकीट दुसऱ्या एखाद्या साइटवरून किंवा एजंटकडून घेतलं असेल तर कंपनीच्या साइटवर जाऊन तुमचा स्वतःचा मोबाइल आणि ईमेल नोंदला आहे का ते तपासा. एजंटचाच नंबर असेल तर चेक-इनची आठवण, विमान बदलल्याचा निरोप, सगळं त्याच्याकडे जातं. टूर कंपनीबरोबर काशी-अयोध्येला किंवा चारधामला जात असाल तर चेक-इन बहुधा टूरवालेच करतात. आजीला आइल लागणार आहे हे त्यांना आठवडाभर आधी सांगा, विमानतळावर सांगून काही होत नाही.

व्हीलचेअर लागणार असेल तर तीही तिकीट काढताना किंवा नंतर ॲपवर मागा. व्हीलचेअरने जाणाऱ्यांना आधी चढवतात आणि उतरवताना शेवटी नेतात, म्हणून त्यांच्यासाठी पुढच्या महागड्या रांगेचे पैसे घालवू नका. टॉयलेट जवळ असलेली आइल सीट बघा.

वेब चेक-इन: सगळा खेळ इथे

वेब चेक-इन म्हणजे आपण येणार हे ॲपवर किंवा साइटवर पक्कं करून सीट नंबर आणि बोर्डिंग पास घेणं. देशांतर्गत प्रवासासाठी या कंपन्यांचं वेब चेक-इन साधारण ४८ तास आधी उघडतं आणि विमान सुटण्याच्या एक तास आधी बंद होतं. तुमच्या तिकिटाच्या ईमेलमध्ये नेमकी वेळ दिलेली असते, तीच खरी माना. ॲपवर पीएनआर आणि आडनाव किंवा ईमेल टाकलं की प्रवाशांची नावं येतात, त्यावर खूण केली की सीटचा नकाशा उघडतो.

हा नकाशा घाबरवणारा असतो. बऱ्याच चौकोनांवर किंमत लिहिलेली, काही राखाडी म्हणजे गेलेले. मागच्या भागातली एखादी खिडकी काही शे रुपयांना, पहिली रांग आणि आपत्कालीन दाराची रांग त्याहून बरीच महाग. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की यातली एक घेतल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. जाता येतं. दोन गोष्टी शोधा. एक, शून्य रुपये लिहिलेली सीट. त्या बऱ्याचदा मागच्या भागातल्या मधल्या सीट असतात, पण कधीकधी आइलही सापडते. दोन, कोपऱ्यात किंवा तळाशी असलेलं 'स्किप' किंवा तशा अर्थाचं बारीक अक्षरातलं बटण. ते दाबलं की यंत्रणा स्वतःहून एक सीट देते, फुकट. २०१८ च्या नोव्हेंबरात इंडिगोने वेब चेक-इनमधल्या सगळ्याच सीटना पैसे लावले तेव्हा देशभर ओरड झाली होती. तेव्हाही विमानतळावर मिळणारी सीट फुकटच होती. किती सीट फुकट आणि दर किती हे बदलत राहतं, म्हणून शेजाऱ्याचा मागच्या वर्षीचा अनुभव प्रमाण मानू नका, नकाशा स्वतः बघा.

आता मुख्य प्रश्न: ४८ तास होताच चेक-इन करायचं की थांबायचं?

यंत्रणा कशी वागते ते आधी समजून घ्या. कंपनीला खिडक्या, आइल आणि पुढच्या रांगा विकायच्या असतात. म्हणून सुरुवातीला फुकटात जे वाटलं जातं ते न विकलं जाणारं, म्हणजे मागची मधली सीट. चेक-इन करणारे वाढतात तशा या मधल्या सीट संपत जातात. विमान बऱ्यापैकी भरलेलं असेल तर शेवटच्या काही तासांत यंत्रणेकडे वाटायला राहतात त्या न विकल्या गेलेल्या खिडक्या आणि आइल. म्हणून उशिरा 'स्किप' करणाऱ्याला पुष्कळदा चांगली सीट मिळते. सोमवारी सकाळच्या पुणे-बंगळूर विमानात लॅपटॉप घेऊन नेहमी ये-जा करणाऱ्या मुलामुलींना हे पक्कं माहीत असतं. ते आदल्या रात्री नकाशा उघडून बघतात, चेक-इन न करता बाहेर पडतात आणि विमानतळाच्या वाटेवर गाडीत बसून करतात.

पण ही चाल सगळ्यांसाठी नाही. कंपन्या कधीकधी सीटपेक्षा जास्त तिकिटं विकतात. सगळेच आले तर कोणाला तरी थांबवावं लागतं, आणि ज्याने शेवटपर्यंत चेक-इन केलेलं नाही त्याच्यावर ती पाळी येण्याचा धोका जास्त. असं झालं तर डीजीसीएच्या नियमाप्रमाणे तासाभरात सुटणारं दुसरं विमान न दिल्यास भरपाई मिळते. २४ तासांच्या आतलं विमान दिलं तर १०,००० रुपयांपर्यंत, त्याहून उशीर झाला तर २०,००० पर्यंत. पण लग्नाला किंवा परीक्षेला निघालेल्या माणसाला त्या पैशांचा काय उपयोग? शिवाय थांबल्याने कुटुंब एकत्र बसण्याची शक्यता कमी होत जाते, कारण शेवटी उरलेल्या चांगल्या सीट सगळीकडे विखुरलेल्या असतात.

म्हणून माझा सल्ला असा. एकटे आहात, तरुण आहात, सामान थोडं आहे, मधली सीट आली तरी चालणार आहे: आदल्या दिवशी नकाशा बघा, विमान अर्ध्याहून जास्त भरलेलं दिसलं तर विमान सुटण्याच्या चार-पाच तास आधीपर्यंत थांबून 'स्किप' करा. सोबत मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत, दोघांनी जवळ बसायचं आहे: चेक-इन उघडल्या उघडल्या करा. तेव्हा मागच्या रांगांत एकाशेजारी एक मोकळ्या सीट भरपूर असतात आणि यंत्रणेला तुम्हाला एकत्र बसवणं सोपं जातं. दिवाळी, गणपती, उन्हाळी सुट्टी या दिवसांत तर कोणीच थांबू नये.

सगळ्यांच्या सीटचे पैसे भरायची गरज नसते, हेही लक्षात असू द्या. आई-बाबा दोघंच जात असतील आणि आईला आइल हवीच असेल तर तिची एक सीट विकत घ्या, तिच्या शेजारची मधली बहुतेक वेळा शून्य रुपयांत किंवा अगदी कमी पैशांत मिळते. दोघांचं काम एकाच्या पैशांत होतं.

एकट्या प्रवास करणाऱ्या बायकांसाठी इंडिगोने २०२४ पासून एक सोय दिली आहे. बाईच्या नावाने चेक-इन करताना कोणत्या सीट बायकांनी घेतलेल्या आहेत ते नकाशावर दिसतं. रात्रीच्या विमानात मुलगी एकटी जात असेल तर याचा जरूर उपयोग करा. ही खूण पुरुष प्रवाशांना दिसत नाही.

शेवटच्या पडद्यावर जेवण, विमा, लवकर चढण्याची सोय असं काहीबाही समोर येतं. एकूण रक्कम शून्य आहे ना, हे पैसे भरायच्या बटणाआधी बघा. शून्य नसेल तर मागे जाऊन कुठली खूण राहिली आहे ते शोधा. धोकादायक वस्तूंच्या यादीवर खूण करताना ती खरंच वाचा. पॉवर बँक सोबतच्या हातबॅगेत ठेवायची असते, मोठ्या बॅगेत नाही. बोर्डिंग पास मिळाला की त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, गेटपाशी नेमकं नेटवर्क जातं.

काउंटरवर

बॅग टाकायला काउंटरवर जावंच लागतं आणि तिथे आणखी एक संधी असते. समोरची मुलगी सकाळी चारपासून उभी असते आणि तिच्यापुढे रांग असते. तिला कारण आणि मागणी एका वाक्यात सांगा: "नमस्कार, आईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कुठेही चालेल पण आइल मिळाली तर बरं होईल." 'कुठेही चालेल' या दोन शब्दांनी तिचं काम सोपं होतं, कारण पुढची रांग मागितली तर ती पैशांची असते आणि मागची आइल देणं तिच्या हातात असू शकतं. पुणे, नागपूर, कोल्हापूरच्या काउंटरवर मराठीत बोलायला हरकत नाही, समोरून बहुधा मराठीतच उत्तर येतं. नाही म्हणाली तर "गेटवर विचारू का?" एवढं विचारून बाजूला व्हा. गेटवर न आलेल्या प्रवाशांची नावं कळतात, त्यामुळे कधीकधी तिथे सीट बदलून मिळते.

विमान सुटण्याच्या ६० मिनिटं आधी काउंटर बंद होतं, गेट साधारण २५ मिनिटं आधी. सीटच्या नादात ही वेळ चुकवू नका. आणि तिकिटावरचा विमानतळ, त्याच्या तीन अक्षरी कोडसकट, एकदा वाचा. मुंबईला बीओएम आणि नवी मुंबईचा एनएमआय, गोव्याला दाबोळीचा जीओआय आणि मोपाचा जीओएक्स, असे दोन-दोन विमानतळ आहेत. चुकीच्या ठिकाणी पोचलात तर सीटचा प्रश्नच राहत नाही.

विमानात शिरल्यावर

सीट ठरलेली असल्यामुळे चढायची घाई करण्याचं कारण उरतं ते फक्त डोक्यावरच्या कप्प्याचं. सात किलोची बॅग असेल तर आपल्या झोनची हाक येताच उठा, कारण उशिरा आलेल्यांच्या बॅगा दहा रांगा मागे जातात आणि उतरताना त्या आणायला लोकांच्या उलट दिशेने जावं लागतं. फक्त खांद्यावरची पिशवी असेल तर निवांत शेवटी चढा.

तुमच्या खिडकीत कोणी आधीच बसलेलं असेल, तर बहुतेक वेळा ते पहिल्यांदा आलेले काका-काकू असतात आणि त्यांना अक्षरांचा अर्थ कळलेला नसतो. "काका, जरा तुमचा पास बघू का? ही एफ आहे, तुमची ई असेल," असं म्हटलं की ते लगेच सरकतात. नाही सरकले तर वाद घालू नका, क्रूला बोलवा. उलट तुम्हाला कोणाची सीट बदलून हवी असेल तर तुमच्याकडची तितकीच चांगली किंवा अधिक चांगली सीट देऊ करा. आपली मधली सीट देऊन दुसऱ्याची आइल मागणं योग्य नाही, त्याने कदाचित त्याचे पैसे भरलेले असतात.

दार बंद झाल्याची, म्हणजे 'बोर्डिंग कम्प्लीट'ची घोषणा होईपर्यंत आपल्या जागी बसा. त्यानंतर मागे तीन सीटची अख्खी रांग रिकामी दिसली तर क्रूला विचारा: "मागे बसलो तर चालेल का?" बहुतेक वेळा हो म्हणतात. पुढच्या पैशांच्या रांगेत जायला नाही म्हणतील. एटीआरसारख्या छोट्या विमानात मात्र विचारल्याशिवाय हलूच नका. तिथे कोण कुठे बसलं आहे यावर विमानाचा तोल अवलंबून असतो आणि उड्डाणाआधी त्याचा हिशेब झालेला असतो.

युरोपात शिकणाऱ्यांसाठी थोडं

जर्मनी, आयर्लंड, पोलंडमध्ये शिकणारी आपली मुलं सुट्टीत रायनएअर किंवा विझ एअरने फिरतात. तिथेही न निवडल्यास सीट आपोआप मिळते, पण फुकटचं चेक-इन २४ तास आधी उघडतं आणि ते ऑनलाइनच करावं लागतं. विमानतळावर चेक-इन केलं तर दंडासारखी मोठी रक्कम लागते, कधीकधी तिकिटापेक्षा जास्त. त्यामुळे भारतातली 'शेवटी बघू' ही सवय तिथे सोडा. आपल्यासारख्या युरोपीय संघाबाहेरच्या पासपोर्टवाल्यांनी काउंटरवर व्हिसा तपासून घ्यायचा असतो, त्यासाठी अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा. आई-वडील भेटायला आले असतील तर त्यांच्या दोन सीट तिथे सरळ विकत घ्या. अनोळखी भाषेत दोघं दोन टोकांना बसण्यापेक्षा ते पैसे सत्कारणी लागतात.

पैसे भरलेली सीट बदलली तर

कंपनीने ऐन वेळी विमान बदललं की नकाशा बदलतो आणि विकत घेतलेली खिडकी दुसरीकडेच जाते. म्हणून प्रवासाच्या आदल्या दिवशी ॲपवर सीट नंबर पुन्हा बघा, फरक दिसला तर तिथल्या तिथे कस्टमर केअरला कळवा. विमानात कमी किमतीची सीट मिळाली तर पावती आणि नवा बोर्डिंग पास दोन्ही जपून ठेवा आणि फरकाचे पैसे कंपनीकडे लेखी मागा. ईमेलच्या विषयात पीएनआर, तारीख आणि दोन्ही सीट नंबर लिहा. कंपनीने दाद दिली नाही तर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. तिथे तक्रार क्रमांक मिळतो आणि तक्रार त्याच कंपनीकडे उत्तरासाठी जाते.